रेषेच्या आत कोण?

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर 1979 मध्ये निवाडा दिला आणि सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर, ठरवली. महापुरातली कमाल पातळी 460 फूट. या दोन आकड्यांतून एक प्रश्न उभा राहिला आणि पुढची चाळीस वर्षं तो सातपुड्याच्या उत्तर उतारावर विचारला जात राहिला: त्या रेषेखाली कोणाचं घर येतं, कोणाचं शेत येतं? महाराष्ट्रातली 33 गावं बुडिताच्या यादीत आली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी.

संगणकशास्त्रात या जातीच्या प्रश्नाला ‘रेंज क्वेरी’ म्हणतात. जमिनीवर पसरलेल्या लाखो वस्तूंपैकी दिलेल्या हद्दीत कोणत्या येतात, एवढंच विचारायचं. ज्या वर्षांत नर्मदेच्या काठावर मोजणीवरून संघर्ष पेटला, त्याच वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात काही माणसं हा प्रश्न लवकरात लवकर कसा सोडवावा याच्या मागे लागली होती. या दोन कहाण्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तरीही मी त्या शेजारी ठेवून सांगतो आहे, कारण एकीत उत्तर वेगाने काढण्याचा ध्यास आहे, आणि दुसरीत उत्तर अपुरं निघाल्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

सुरुवात कागदापासून करायला हवी. इंग्रजी अमलात खानदेशात शेतजमिनीची मोजणी झाली ती 33 फुटी शंकू साखळीने. साखळीचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. ही मोजणी लोकांनी मुकाट्याने स्वीकारली नव्हती. 1852 साली सावदा-फैजपूर आणि एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. नंतर तापीच्या काळ्या जमिनीत ती घट्ट बसली. सातपुड्याच्या आतल्या पाड्यांपर्यंत मात्र ती नीट पोचलीच नाही. तिथली कित्येक गावं वनगावं म्हणून जंगल खात्याच्या दप्तरात राहिली. सातबारा नाही, गट नंबर नाही, गटाचा नकाशाही नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही रिकामी जागा लक्षात ठेवावी लागते.

देशाचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाने ज्या पद्धतीने तुकड्यांत मांडला, ती पद्धत शोधाच्या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली होती. चार अंश लांब आणि चार अंश रुंद असा एक चौकोन, त्याला एक क्रमांक. त्याचे सोळा भाग, प्रत्येकाला इंग्रजी अक्षर. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग, प्रत्येकाला आकडा. नंदुरबार शहर 46 के/3 या पत्रकावर सापडतं, धडगाव 46 के/1 वर. नवापूर मात्र 74 रेखांशाच्या पश्चिमेला असल्याने 46 जी मध्ये जातं. एकच जिल्हा, पण पत्रकांचे गट वेगवेगळे. एखादं गाव शोधायचं तर तीन पायऱ्यांत नेमकं पत्रक हाती येतं. पण ‘या ओढ्यापासून त्या डोंगरापर्यंत काय काय आहे’ असं विचारलं आणि तो पट्टा पत्रकांच्या कडांवरून गेला, की चार-सहा पत्रकं जमिनीवर पसरून जोडावी लागतात.

संगणकाची अडचणही नेमकी इथेच सुरू होते. तहसील कचेरीत कारकुनाच्या टेबलावर मावतील तेवढेच कागद त्याला क्षणात चाळता येतात. बाकीचं दप्तर रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधलेलं असतं. एक कागद हवा असला तरी अख्खा रुमाल उचलून आणावा लागतो. संगणकाची मेमरी म्हणजे ते टेबल, डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. डिस्कवरून एका वेळी एक ठरावीक आकाराचं पान उचललं जातं. जुन्या फिरत्या डिस्कला त्यासाठी सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागे, मेमरीतला आकडा वाचण्याच्या सुमारे लाखपट. त्यामुळे किती आकडेमोड केली याला फारसं महत्त्व उरत नाही. किती फेऱ्या मारल्या, तेच मोजायचं.

1956 साली आयबीएमने पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, त्यांवर पन्नास लाख अक्षरं. माहिती वाढत गेली आणि फेऱ्या वाचवणारी मांडणी हवीशी झाली. ती दिली रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी. दोघे बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. 1970 मध्ये त्यांनी बी-ट्री मांडला. सविस्तर लेख 1972 मध्ये छापून आला. कल्पना अशी: प्रत्येक पानावर शंभरेक खुणा ठेवायच्या आणि प्रत्येक खुणेने खालच्या एका पानाकडे बोट दाखवायचं. दोन पायऱ्यांत दहा हजार नोंदी, तीनमध्ये दहा लाख, पाचमध्ये एक हजार कोटी.

याचं नंदुरबारशी जोडलेलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. 2016 पर्यंत या यादीने शंभर कोटींचा आकडा ओलांडला. अशी शंभर कोटींची यादी बी-ट्रीत मांडली, तर बारा अंकी क्रमांकावरून एक नोंद शोधायला पाच पानं वाचून भागतं.

क्रमांक एका ओळीत लावता येतात, म्हणून हे साधतं. जमिनीला मात्र दोन दिशा असतात. पूर्व-पश्चिम क्रमाने लावलं तर दक्षिणोत्तर शेजारी एकमेकांपासून दूर फेकले जातात. दक्षिणोत्तर लावलं तर उलट. कोणत्याही एका ओळीत जमिनीचं शेजारपण टिकत नाही. 1974 मध्ये राफाएल फिंकेल आणि जॉन बेंटली यांनी प्रदेशाचे चार, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार असे भाग पाडणारी क्वाडट्री मांडली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या सोळा-सोळाच्या पत्रकांना ती अनोळखी वाटली नसती. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या बेंटलीने के-डी ट्री दिली: एकदा उभी रेघ, एकदा आडवी, आणि दर वेळी बिंदू निम्मे-निम्मे. या रचना मेमरीत छान चालत. डिस्कवर त्यांची घडी कशी बसवायची याचा ठोस प्रयत्न 1981 मध्ये जॉन रॉबिन्सनने केला.

पण शेत म्हणजे बिंदू नव्हे. त्याला आकार आहे, आणि रेघ मारली की ते दोन्हीकडे येतं. 1984 मध्ये बर्कलीच्या अँटोनिन गुटमनने यावर तोडगा काढला, आणि आज जगातल्या अनेक नकाशा-प्रणालींच्या तळाशी तो आहे. त्याने वस्तू कापण्याचा नाद सोडला. प्रत्येक वस्तूभोवती तिला जेमतेम सामावणारा सरळ आयत काढायचा. जवळजवळचे शंभरेक आयत एका पानावर ठेवायचे आणि त्या सगळ्यांभोवती एक मोठा आयत. अशा मोठ्या आयतांचं पुन्हा एक पान, असं चढत जायचं. प्रश्नाची खिडकी ज्या आयताला शिवत नाही, त्याच्या पोटातलं काहीच वाचायचं नाही. ही आर-ट्री. गुटमनने ती तपासली ती मात्र जमिनीवर नव्हे, तर बर्कलीतच घडवलेल्या रिस्क-2 या चिपच्या आराखड्यातल्या हजारेक आयतांवर. चिपवरच्या तारा आणि सातपुड्यातली शेतं या रचनेला सारखीच.

तिच्यात एक दोष होता. मोठे आयत एकमेकांवर चढतात, म्हणून एकाच प्रश्नासाठी अनेक फांद्यांत उतरावं लागतं. नदीकाठाने तिरप्या गेलेल्या लांबट पट्ट्यांची कल्पना करा: पट्टा अरुंद, पण त्याभोवतीचा सरळ आयत अवाढव्य, आणि आत बहुतेक जागा रिकामी. 1990 मध्ये जर्मनीतल्या चौघा संशोधकांनी आर-स्टार ट्री काढून हे चढणं बरंच कमी केलं. तरी हमी कोणी देऊ शकत नव्हतं. दहा लाख शेतं, पानाला शंभर, म्हणजे दहा हजार पानं. नेमका वाईट प्रश्न पडला तर उत्तरात एकही शेत नसताना सगळी दहा हजार पानं वाचली जाण्याची शक्यता होती. जुन्या डिस्कवर म्हणजे शंभर सेकंद.

‘हमी’ हा शब्द या विषयात आला 1988 मध्ये. आलोक अग्रवाल आणि जेफ्री व्हिटर यांनी फक्त पानांच्या फेऱ्या मोजणारं साधं गणिती प्रारूप मांडलं. नोंदी किती, मेमरीत किती मावतात, एका पानावर किती मावतात, एवढ्या तीन आकड्यांवर सारा हिशेब. त्यामुळे ‘आमची पद्धत वेगवान आहे’ म्हणणाऱ्याला ‘सर्वांत वाईट प्रसंगी किती पानं?’ असं विचारता येऊ लागलं. माझ्या मते या सबंध इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल हेच. उपाय सुचवणारे पुष्कळ होते. उपाय तपासायचं माप या दोघांनी दिलं.

इकडे नर्मदेच्या खोऱ्यात मापाचाच प्रश्न चिघळला होता. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून 1992 मध्ये अहवाल दिला. बाधित माणसांची पायाभूत माहितीच पुरेशी गोळा झालेली नाही, हा त्यातला एक मुख्य आक्षेप. मार्च 1993 मध्ये बँकेच्या कर्जाचा विषय संपला. त्या पावसाळ्यात बुडिताच्या यादीतल्या मणिबेली गावात पाणी शिरलं. 19 नोव्हेंबर 1993 रोजी चिंचखेडी गावात पोलीस बंदोबस्तात मोजणी करायला पथक गेलं, गावकऱ्यांनी अडवलं, गोळीबार झाला आणि रेहमल पुन्या वसावे हा किशोरवयीन मुलगा मारला गेला. रेषेच्या आत कोण येतं, हे ठरवण्याच्या कामात गेलेला हा जीव. सर्वेक्षण ही कोरडी तांत्रिक बाब आहे असं म्हणणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी.

आता बुडिताचा प्रश्न गणिताच्या नजरेने पाहू. ‘नदीच्या या वळणापासून त्या वळणापर्यंत, 90 मीटरच्या खाली कोणती घरं?’ इथे डावी सीमा आहे, उजवी आहे, वरची आहे. खालची नाही, कारण खाली नदीच आहे. चार बाजूंची खिडकी नाही, तीन बाजूंची. एका बाजूने पडलेला हा फरक फार मोठा ठरतो.

तीन बाजूंच्या प्रश्नासाठी बी-ट्रीच्याच मॅक्राइटने 1985 मध्ये एक देखणी रचना दिली होती. घरं नदीच्या प्रवाहाच्या क्रमाने लावायची. पण झाडाच्या प्रत्येक गाठीवर तिच्या फांदीतलं सर्वांत कमी उंचीचं घर लिहून ठेवायचं. समजा, एका फांदीतलं सर्वांत खालचं घर 97 मीटरवर आहे आणि विचारलेली रेषा 90 ची आहे. मग त्या फांदीत डोकावायचंच नाही. तिथे शंभर घरं असोत की लाख. जिथे घर सापडतं तिथेच खाली उतरायचं. वाया जाणारं वाचन जवळपास शून्य.

मेमरीत हे सुरेख चाललं. डिस्कवर आणायला चौदा वर्षं लागली. पानाला शंभर फांद्या दिल्या की प्रत्येक फांदीचं सर्वांत खालचं घर पाहायला शंभर पानं उघडावी लागतात, आणि मिळवलेलं सगळं हातचं जातं. ब्राउन विद्यापीठात पॅरिस कॅनेलाकिस, श्रीधर रामस्वामी, व्हिटर आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून या अडचणीवर काम केलं. कॅनेलाकिस डिसेंबर 1995 मध्ये कोलंबियातल्या विमान अपघातात कुटुंबासह गेले. शेवटी 1999 मध्ये लार्स आर्गे, वासिलिस सामोलादास आणि व्हिटर यांनी ती सोडवली. प्रत्येक गाठीजवळ तिच्या मुलांतल्या खालच्या घरांची एक छोटी, नीट रचलेली वही ठेवायची, म्हणजे मुलांकडे न जाताच कळतं कुठे जायचं. फेऱ्या लागतात त्या झाडाच्या उंचीइतक्या, अधिक उत्तर जितक्या पानांवर मावेल तितक्या. याहून चांगलं शक्यच नाही, आणि जागाही माहितीच्या प्रमाणातच लागते.

त्याच वर्षी, फेब्रुवारी 1999 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने धरणाची भिंत 85 मीटरपर्यंत चढवायला परवानगी दिली. 18 ऑक्टोबर 2000 च्या निकालाने 90 मीटर. मग 2002 मध्ये 95, 2003 मध्ये 100, मार्च 2004 मध्ये 110.64. दर टप्प्याला तोच तीन बाजूंचा प्रश्न नव्याने: या उंचीला कोण? राज्य सरकारने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्या समितीने 2001 मध्ये पुनर्वसनाची पाहणी केली, तेव्हा बाधितांची मोजदादच पुरी झालेली नसल्याचं पुढे आलं. जगातली उत्कृष्ट रचना वापरली असती तरी यादीत नसलेलं घर तिने दाखवलं नसतं. अक्राणीतल्या ज्या पाड्यांची मोजणी शंभर वर्षांत झाली नव्हती, त्यांच्या वाट्याला ‘कोणी नाही’ हेच उत्तर आलं असतं, आणि तेही पाच फेऱ्यांत.

शिवाय रेषेच्या वर राहिलेला प्रत्येक जण सुरक्षित असतो असंही नाही. पुराच्या वेळी फुगवट्याचं पाणी सपाट नसतं, नदीच्या वरच्या अंगाला ते चढतं. आणि टापू. घर 150 मीटरवर, शेतही वरच. पण चारी बाजूंनी पाणी चढलं आणि वाट तुटली. उंचीच्या प्रश्नात हे कुटुंब सापडतच नाही, म्हणून टापूंना बुडितात धरा ही मागणी लोकांना स्वतंत्रपणे लढावी लागली. संशोधकही या वळणाला आले, पण निराळ्या वाटेने. पाणी चढत गेलं की कोणते खोलगट भाग एकमेकांना मिळतात, याचा मेमरीत न मावणाऱ्या भूप्रदेशासाठी हिशेब पंकज अग्रवाल, आर्गे आणि के यी यांनी 2006 मध्ये मांडला. त्या वर्षी भिंत 121.92 मीटरवर जायला परवानगी मिळाली होती.

चार बाजूंच्या खिडकीचं काय झालं? तिथे वेगळाच निकाल लागला. जागा माहितीच्या प्रमाणातच वापरायची आणि प्रत्येक वस्तू एकदाच साठवायची असं ठरवलं, तर सर्वांत वाईट प्रसंगी एकूण पानांच्या वर्गमुळाइतक्या फेऱ्या टळत नाहीत. के. व्ही. रविकांत आणि अंबुज सिंग यांनी 1999 मध्येच ही मर्यादा दाखवली होती. 2004 मध्ये आर्गे, मार्क द बर्ग, हर्मन हावरकोर्ट आणि यी यांनी प्रायॉरिटी आर-ट्रीने ती गाठून दाखवली. त्यांनी प्रत्येक गाठीवर सर्वांत डावे, सर्वांत उजवे, सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे आयत वेगळे काढून ठेवले. बेढब, लांबट आयतच झाड फुगवतात. तेच आधी बाजूला केले की बाकीचे शहाण्यासारखे बसतात. दहा हजार पानांच्या त्या उदाहरणात आता साधारण शंभर फेऱ्या, म्हणजे शंभर सेकंदांऐवजी एक. गुटमननंतर वीस वर्षांनी आर-ट्रीला हमी मिळाली.

रोजच्या वापरात मात्र जुन्याच आर-ट्रीची घराणी चालतात, आणि ती मुक्तपणे उपलब्ध आहेत. 2001 मध्ये कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने काढलेली पोस्टजीआयएस ही प्रणाली मोफत आहे. तिच्या खालचा पोस्टग्रेस हा डेटाबेस बर्कलीतच जन्मला. दहा लाख शेतांच्या हद्दी साध्या लॅपटॉपवर सेकंदाच्या आत शोधणं आज कोणालाही जमतं. डिस्कची जागा चिपांनी घेतली, फेरी स्वस्त झाली. तरी पान-पान वाचण्याची रीत तीच आहे.

धरणाची भिंत पुरी झाली, 2017 मध्ये लोकार्पण झालं आणि सप्टेंबर 2019 मध्ये पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरला टेकलं. पण नंदुरबारमध्ये ‘रेषेच्या आत कोण’ हा प्रश्न संपलेला नाही. रेष तेवढी बदलली. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य केला. दाव्याचा नकाशा करायचा तर जीपीएस यंत्र घेऊन शेताच्या बांधाबांधाने फिरायचं. यंत्राची चूक काही मीटरची. सपाट मैदानात ती खपून जाते. डोंगरउतारावरच्या अर्ध्या एकराच्या तुकड्यात तेवढ्यानेच हद्द शेजाऱ्याच्या शेतात घुसते. हद्दी एकमेकींवर चढल्या तर ते शोधणं हे आर-ट्रीचं हातखंडा काम. कोणाची हद्द बरोबर, हे मात्र तिला सांगता येत नाही. उपग्रह चित्राबद्दलही हेच. 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की, असं तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारं नाही. त्यामुळे पडद्यावर शेत दिसत नाही एवढ्यावरून दावा फेटाळणं या नियमात बसत नाही.

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. आर-ट्री शिकवताना अमेरिकेतल्या शहरांचे तयार नकाशे घेऊ नका. ग्रामसभेची परवानगी घेऊन अक्राणीतल्या एका गावाच्या वनहक्क दाव्यांचे नकाशे घ्या, त्यावर झाड उभं करा, एकमेकांवर चढलेल्या हद्दींची यादी काढा. मग ती यादी घेऊन विद्यार्थ्यांना गावात पाठवा आणि प्रत्येक हद्द कसणाऱ्या माणसासोबत चालून तपासू द्या. ज्या पाड्यावर यादीत एकही शेत नाही, तिथे त्यांनी सगळ्यांत आधी जावं.